खाडीला सांग

जानेवारी लागला की आमच्या पनवेलला संध्याकाळी पोपटीचा वास सुटतो. वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात ठासून भरायचं, मडकं उपडं घालायचं आणि वरून काटक्या-गवताचा जाळ करायचा. पूर्वी पोपटी शेतात लागायची. आता शेतंच उरली नाहीत, तर लोक सोसायटीच्या पार्किंगमागे लावतात आणि वॉचमनला एक वाटी दिली की काम भागतं. काल आमच्या खालीही लागली होती. मी गॅलरीत उभी राहून तो वास पोटभर घेतला. आणि दर वर्षी होतं तेच झालं. वासापाठोपाठ माझंच एक वाक्य आठवलं, सहा वर्षांपूर्वीचं, आणि तोंड कडू झालं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमची शाळा गावाच्या खाडीकडच्या अंगाला आहे आणि साडेदहाला भरते. माहेर माझं साताऱ्याचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा खाडी म्हणजे वास येणारं पाणी, एवढंच मला ठाऊक होतं. स्वभाव कडक, आणि जीभ त्याहून तिखट. सासूबाई म्हणायच्या, "हिला हळदीकुंकवाला बोलावलं तरी ही आधी हजेरी घेईल." अगदीच खोटं नव्हतं ते. मुलांवर माझी माया होती, नाही असं नाही. पण ती मी शिस्तीच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावून ठेवायची. सगळ्या मुलांना एकसारखं वागवायचं, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं नाही, हा माझा न्याय होता आणि त्याचा मला केवढा तोरा होता!

त्या वर्षी माझ्याकडे दुसरी होती. पनवेल हे असं गाव की इथं चारी दिशांनी माणसं येतात आणि बरीचशी इथंच राहून जातात. वर्गात पहिल्या बाकावर आर्या, तिचे आईबाबा दोघेही नोकरीवाले, पुण्याहून आलेले. तिच्या मागे गुडिया, बिहारची. तिचे वडील उलव्याला विमानतळाच्या कामावर होते. तेव्हा तिकडची टेकडी सुरुंग लावून फोडत होते आणि कधीकधी दुपारी आमच्या वर्गाच्या काचा थरथरायच्या. मग अयान, ज्याचे आजोबा आपट्याला राहायचे आणि जो दर सोमवारी पाताळगंगेत किती वेळ डुंबलो ते सांगितल्याशिवाय पाटी काढायचा नाही. आणि अयानच्या शेजारी, खिडकीपाशी, हर्षाली.

हर्षाली कोळ्यांची. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, रंग उन्हात रापलेला. बोलायची कमी, पण वजाबाकीत हातचा घ्यायला तिला कधी सांगावं लागलं नाही. घरी आई आणि दीड वर्षाची बहीण, चिमी. वडील उरणला मोठ्या बोटीवर, ते आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रातच. आई ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरायची, चिंबोऱ्या, निवट्या, शिंपल्या, मिळेल ते पाटीत भरायची आणि बाजारात विकायची. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला तिच्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे ही पोरगी उशिरा येते.

बरं, उशिरा येण्यालाही काही रीत असावी की नाही? झोपाळू मूल रोज दहा मिनिटं उशिरा येतं, ते कळतं. ही आठवडाभर साडेदहाच्या आधी येऊन बाकं पुसायची. मग एके दिवशी पावणेअकरा. दुसऱ्या दिवशी साडेअकरा. तिसऱ्या दिवशी सव्वाबारा. चौथ्या दिवशी तर मधली सुट्टी व्हायच्या बेतात उगवायची, आणि पाचव्या दिवशी पुन्हा शहाण्यासारखी वेळेवर हजर. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल पेनानं 'उ' काढायची, उशिराचा उ, आणि खाली बारीक अक्षरात वेळ टाकायची. वर्गाचा नियम होता की उशिरा येईल त्यानं तो तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं. हर्षाली उभी राहायची. खिडकीतून फळ्याकडे बघत उभ्याउभ्या वहीत उतरवून घ्यायची. मला वाटायचं, बघा, शिस्त लागतेय.

तो दिवस संकष्टीचा होता. संकष्टी मी लग्नाच्या आधीपासून करते, आणि कडक करते. दिवसभर नुसता चहा, रात्री चंद्र दिसला की मगच जेवण. घरून निघताना भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघून ठेवायची आणि दिवसभर ती आठवत राहायची. उपासाच्या दिवशी माझ्या वाटेला जायचं नाही हे शिपाईमामांनासुद्धा माहीत होतं. त्या दिवशी चहात साखर जास्त पडली होती, तपासणीचा कागद आला होता आणि पावणेअकराला दारात हर्षाली येऊन उभी राहिली. धाप लागलेली, खांद्यावर बाळाच्या लाळेचा ओला डाग.

"काय गं, आज काय?"

"बाई, आई खाडीवर गेलती. चिमीला कोन बघील?"

"मग आईला म्हणावं, लवकर जा आणि लवकर ये."

"पानी उतरल्यावरच जावा लागतं, बाई."

"आणि पाणी रोज निराळ्या वेळेला उतरतं? कधी पावणेअकरा, कधी साडेअकरा, कधी सव्वाबारा?"

"हो, बाई. खाडी रोज मागं सरते."

इतक्या सरळपणे म्हणाली ती. मला ते थापेवर थाप वाटलं. पोटात काही नसलं की डोक्यात राग चढायला वेळ लागत नाही. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "असं होय? मग खाडीला सांग, आमची शाळा साडेदहाला भरते. म्हणावं, बाईंनी सांगितलंय!"

वर्ग खो खो हसला. आर्यानं तर बाक बडवलं. आणि लाज वाटते सांगायला, पण मीही हसले. आपल्या विनोदाला मुलं हसली की मास्तरणीला काय गुदगुल्या होतात, ते मास्तरणीलाच माहीत. हर्षाली हसली नाही आणि रडलीही नाही. तिनं मान हलवली, "हो, बाई" म्हणाली आणि नेहमीच्या जागी व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथा दिवस शनिवार होता, अर्धी शाळा, तेव्हाही नाही. खरं सांगायचं तर गुरुवारी मला बरंच वाटलं होतं, चला, आज दारात कोणी उभं नाही. पण अयाननं तिच्या जागेवर आपली पाण्याची बाटली ठेवली होती, तिथं दुसरं कोणी बसू नये म्हणून. शनिवारी निघताना त्यानं ती बाटली उचलली आणि मला विचारलं, "बाई, हर्षाली आता कवा येल?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस?" तो माझ्याकडे बघत राहिला. सात वर्षांच्या पोराच्या बघण्याला काय घाबरायचं, पण मी डोळे चुकवले खरे.

रविवारी महिन्याच्या हजेरीची बेरीज करायला बसले. हे काम माझ्या अतिशय नावडीचं, म्हणून ते मी स्वयंपाकघरात करते, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. समोर भिंतीवर कॅलेंडर. हजेरीपटावर हर्षालीच्या ओळीत लाल 'उ' चारचारच्या झुपक्यांनी बसलेले. एक झुपका, मग सगळं कोरं, मग दुसरा झुपका, मग पुन्हा कोरं. हे मी इतके महिने माझ्या हातानं लिहीत होते आणि एकदाही आडवी नजर टाकून बघितलं नव्हतं. शेवटचा झुपका एकाच 'उ'चा होता, गेल्या बुधवारचा. बुधवार म्हणजे संकष्टी. सहज म्हणून आधीचा झुपका बघितला, तोही चतुर्थीला सुरू झालेला. ती विनायकी होती. त्याच्या आधीचा, पुन्हा संकष्टी. मी खुर्चीवर चढून कॅलेंडर उतरवून घेतलं. मागचा महिना, त्याच्या मागचा. प्रत्येक झुपका चतुर्थीला उघडायचा आणि सप्तमीला मिटायचा. मधे सुट्टी आली असेल तेवढीच काय ती गाळलेली जागा. आणि रोजचा उशीर आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासानं वाढलेला.

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोण जाणे. भात करपला.

चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, हे मला काय माहीत नव्हतं? त्याच्यावर तर माझा उपास सुटायचा. पण चंद्राला कधी मी म्हटलं नाही, बाबा रे, काल आठाला आलास आणि आज नवाला, ही काय पद्धत झाली? त्याची मी भुकेल्या पोटी हात जोडून वाट बघायची. आणि त्याच चंद्राच्या ओढीनं मागे सरणाऱ्या पाण्यात एक बाई गुडघाभर चिखलात उतरून पोरींचं पोट भरत होती, तर तिच्या मुलीला मी व्हरांड्यात उभी करत होते. ती पोरगी वेळ चुकवत नव्हती. माझ्या वर्गात सगळ्यात काटेकोर वेळ पाळणारी तीच होती. फक्त तिचं घड्याळ मला वाचता येत नव्हतं.

मग मी हिशेब मांडला. अष्टमीपासून उशीर थांबतो, असं हजेरीपट सांगत होता. रविवारी अष्टमी, म्हणजे सोमवारी, नवमीला, हर्षाली साडेदहाला यायलाच हवी. सोमवारी मी दहालाच शाळेत जाऊन बसले. घंटा झाली, प्रार्थना झाली, मुलं वर्गात आली. खिडकीपाशी अयाननं बाटली ठेवली. साडेदहा झाले, अकरा झाले. माझा हिशेब बरोबर होता आणि तरी ती आली नव्हती. तेव्हा मला कळून चुकलं की आज तिला खाडीनं अडवलेलं नाही, मी अडवलंय. त्या तासाला मी काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

शाळा सुटल्यावर विचारत विचारत कोळीवाड्यात गेले. मला पनवेलला राहून इतकी वर्षं झाली होती, पण मासळी घेण्यापलीकडे मी त्या बाजूला कधी गेले नव्हते. दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा, ओट्यावर जाळं वाळत टाकलेलं. हर्षालीची आई, निर्मला, चिमीला मांडीवर घेऊन भरवत होती. मला बघून तशीच उठली, पदर सावरला, खुर्ची पुसली. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, पण तळपाय भेगांनी भरलेले, त्या भेगांत न निघणारा काळा चिखल.

"आज खाडीवर नाही गेलात?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"भांग हाय ना, बाई. भांगाला पानी धड सरत नाय. तीन-चार दिस घरीच." मग तिनंच मला समजावलं. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाणी पहाटेच लांब जातं. मग रोज उशिरा, उशिरा. आणि अष्टमीच्या आसपास भांग, पाणी जेमतेम हलतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीनला भरलं, म्हणजे सकाळी नवाला उतरलं. हे सगळं ती बोटांच्या पेरांवर मोजत होती, आणि मी, डी.एड. झालेली बाई, तोंडाचा आ करून ऐकत होते.

"आणि हर्षाली?"

तिचा चेहरा उतरला. "काय झालंय ते बोलत नाय, बाई. रोज सांच्याला खाडीवर जाऊन उबी रते. मी बोलली, शालंत का नाय जात? तर बोलते, अजून नाय." मग ती खाली बघत म्हणाली, "मी आता तिला उरनला धाडते, माज्या आयशीकडं. तिकडं शाला घराच्या पाठीच हाय. बापूस पन येत-जात असतो. तुमाला पन तरास नको."

एका शब्दानं दोष दिला नाही तिनं मला. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाला मी कधी कमी पडले नाही. पण "तुमाला पन तरास नको" याच्याशी कसं भांडणार? माझ्या एका टवाळीपायी एक आठ वर्षांची मुलगी आईपासून, बहिणीपासून तुटून उरणला निघाली होती, आणि तिची आई मला खुर्ची पुसून देत होती.

"नका धाडू," मी म्हटलं. "खाडी उशिरा उतरेल त्या दिवशी चिमीला तिच्याबरोबर शाळेत पाठवा. मी बघते. तुमचं काम झालं की येऊन घेऊन जा."

"शालंत? हिला?" निर्मला चिमीकडे बघतच राहिली. चिमीच्या तोंडाला भात लागला होता.

तेवढ्यात दाराआडून हर्षाली पुढं आली. सगळं ऐकत असणार. माझ्याकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाई, आज पानी नाय उतरलं."

"हो गं, भांग आहे ना," मी नुकतंच शिकलेलं ज्ञान तिलाच ऐकवलं. "उद्या येशील?"

"हो, बाई," ती म्हणाली. आणि मंगळवारी सव्वादहाला बाकं पुसत होती.

चिमीचं प्रकरण मात्र सोपं गेलं नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "अहो, ही शाळा आहे की पाळणाघर? उद्या सगळ्याच आणतील." मी म्हटलं, "सगळ्यांच्या आया ओहोटीला जात नाहीत. महिन्यातून सात-आठ दिवस, तेही फार तर दोन-अडीच तास. माझ्या जबाबदारीवर." माझा कडकपणा पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडला. पुढच्या चतुर्थीला चिमी हर्षालीच्या कडेवर बसून आली. शिपाईमामांनी कुठूनशी सतरंजी काढून कोपऱ्यात घातली. तास सुरू असताना चिमी कधी झोपायची, कधी खडू खायची, आणि एकदा तर पाढे म्हणताना मधेच सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडली. त्या दिवशी वर्ग पुन्हा खो खो हसला, पण हे हसू निराळं होतं.

मग एके दिवशी मी मुलांना विचारलं, "तुमच्या घरी वेळ कशावरून कळते?" सगळे आधी म्हणाले, घड्याळावरून. दुसरं उत्तर असू शकतं हे त्यांना कुठं माहीत, एकच उत्तर द्यायचं असतं हे मीच शिकवलं होतं. म्हणून मी माझं सांगितलं, संकष्टीचं, चंद्राचं. हर्षालीला पुढं बोलावलं, तिनं भरती-ओहोटीचं सांगितलं, आईसारखंच पेरांवर मोजून. त्यानंतर मात्र धरणाचं दार उघडलं. अयान म्हणाला, आमच्या घरी अजान झाली की आजोबा चहा मागतात, आणि रमजानमध्ये तर सगळ्या घराचंच घड्याळ बदलतं, अम्मी पहाटे सगळ्यांना उठवते, "आणि बाई, ईद पण चांद बघूनच!" तो माझ्याकडे असा बघत होता की जणू आम्ही दोघं एकाच घरचे निघालो. आर्या म्हणाली, पप्पांची ऑफिसची बस हॉर्न देते तेव्हा मी दूध संपवते. गुडिया कधी बोलायची नाही. ती हळूच म्हणाली, "दोपहर को धडाम होता है ना, तब पापा लोग दूर बैठके खाना खाते हैं। फिर मम्मी भी खाती है।" टेकडी फुटण्याचा तो आवाज. त्यानं आम्ही दचकायचो, कपाळाला आठ्या घालायचो. आणि एका घरी एक बाई त्याच आवाजाची वाट बघत जेवायची थांबलेली असायची. मी फळ्याकडे वळून उगाच काहीतरी पुसत राहिले.

भिंतीवर आम्ही मोठा कागद लावला, 'आमच्या घरांची घड्याळं'. ज्यानं त्यानं आपलं घड्याळ काढलं. चंद्र, लाटा, मशिदीचा मिनार, निळी बस आणि धूर निघणारा डोंगर. आणि एक खेळच सुरू झाला. चिमी वर्गात असली की सगळे मिळून हिशेब करायचे, आज निर्मलाकाकी किती वाजता येणार. "पंचमी! पाच पाऊण पावणेचार! म्हणजे सकाळी पावणेदहाला ओहोटी! म्हणजे काकी साडेअकराला!" पावकी-पाऊणकी शाळांतून कधीच हद्दपार झाली, माझ्या वर्गात ती अशी चिखल तुडवत परत आली. साडेअकराच्या सुमारास दाराशी पाटी टेकल्याचा आवाज व्हायचा आणि मुलं टाळ्या पिटायची. निर्मला कधी आत आली नाही. कितीदा म्हटलं, तरी "पाय भरलंत, बाई" म्हणून दारातच उभी राहायची आणि तिथूनच हात पुढं करून चिमीला घ्यायची.

त्या हिवाळ्याच्या शेवटी आम्ही शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावली. दोन मडकी, एक शाकाहारी, एक नाही. वाल आर्याच्या बाबांनी बाजारातून आणले, अयानच्या अम्मीनं अंडी पाठवली, निर्मलानं चिंबोऱ्या आणल्या. गुडियाचे वडील संध्याकाळी कामावरून थेट आले, सातू भरलेल्या कणकेचे गोळे घेऊन, आणि विचारलं, "मॅडमजी, इसी आग में लिट्टी लगा दें?" लावल्या. वालाच्या शेंगा आणि लिट्ट्या एकाच निखाऱ्यांत शिजल्या. चिमी हातात शेंग धरून सगळ्यांच्या मधून फिरत होती. मोठ्या बाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "ही आमच्या शाळेची सगळ्यात ज्युनिअर विद्यार्थिनी." मी धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

एवढं सगळं केलं. पण एक गोष्ट केली नाही. त्या बुधवारच्या वाक्याबद्दल मी हर्षालीची माफी मागितली नाही. ज्या वर्गासमोर बोलले त्या वर्गासमोर नाही, आणि एकटीलाही नाही. कधी वाटायचं, पोर विसरली असेल, उगाच खपली कशाला काढा. खरं म्हणजे धीर झाला नाही. मुलांना उठता-बसता "सॉरी म्हण" सांगणारी मी.

सहा वर्षं गेली. ती टेकडी आता नाही. आता वर्गावरून विमानं जातात आणि मुलं खिडकीशी धावतात. निर्मला हाउसकीपिंगच्या कामाला जाते, शिफ्टनं. आणि चिमी, म्हणजे हजेरीपटावरची चैताली, या वर्षी माझ्याच वर्गात दुसरीत आहे. भिंतीवरचा कागद दर वर्षी नवा लागतो. चिमीनं तिच्या घड्याळाच्या जागी आईच्या गळ्यातलं कामावरचं कार्ड काढलं. मी विचारलं, "आणि खाडी?" तर म्हणाली, "ते ताईला येतं."

आज संकष्टी होती. शाळा सुटली तेव्हा चिमीला न्यायला हर्षाली आली. आठवीत आहे ती आता, माझ्या खांद्याला लागते, चष्मा लागलाय. चिमी दप्तर भरत होती तोवर ती त्या कागदासमोर उभी राहिली आणि हसत म्हणाली, "बाई, आज उपास ना? आज चतुर्थी. आज नऊला उतरलं."

का कोण जाणे, तेव्हाच तोंडून निघालं. "हर्षाली, तुला आठवतं का, मी एकदा तुला सगळ्यांसमोर बोलले होते..."

"खाडीला सांग," ती लगेच म्हणाली. विसरली नव्हती. कशी विसरेल?

"माझं चुकलं गं. तेव्हाच म्हणायला हवं होतं मी. तू माझ्या भीतीनं शाळा सोडलीस आणि मी..."

"भीतीनं?" तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "नाही बाई. मी खाडीला सांगायला जात होते ना."

"खाडीला?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना, खाडीला सांग, बाईंनी सांगितलंय. मग मी संध्याकाळी गेले. आपण नारळी पुनवेला नारळ देतो, पण नारळ कुठून आणणार, म्हणून खोबऱ्याचा तुकडा टाकला. सांगितलं, लवकर उतर, शाळा साडेदहाला भरते, बाईंनी सांगितलंय. तर दुसऱ्या दिवशी पाणी आणखी उशिरा उतरलं." ती हसत होती. "मला वाटलं, मी नीट सांगितलं नसणार. मग रोज जायचे. तुमचं काम झाल्याशिवाय शाळेत कशी येऊ?"

चिमी दप्तर खांद्याला लावून आमच्या मधे येऊन उभी राहिली होती.

"मग भांग लागला. पाणी उतरलंच नाही, आई घरीच. आईला माहीत होतं भांग आहे ते. पण मला वाटलं, माझं ऐकलं. आणि त्याच दिवशी तुम्ही आलात आमच्या घरी." हर्षालीनं चिमीचा हात धरला. "मला तर वाटलं होतं, खाडीनंच तुम्हाला कळवलं."